बॅकलाइटचं क्लॉक बंद केल्यावर कधीकधी अख्खं मशीनच अडकतं – मदत हवी

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी,

गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मी एम्बेडेड लिनक्सचं काम करतो. गावोगावच्या दूध संस्थांसाठी आम्ही संकलन मशीन बनवतो. काट्यावरून वजन येतं, अ‍ॅनालायझरवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) येतं, आणि सात इंची स्क्रीनवर उत्पादकाचा कोड, लिटर, दर, रक्कम दिसते. मग पावती निघते.

अडचण अशी. स्क्रीन दोन मिनिटं वापरात नसली की बॅटरी वाचवायला आम्ही बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) बंद करतो. बटण दाबलं की उजेड परत यायला हवा. बहुतेक वेळा येतो. पण काही संस्थांत मशीन असं अडकतं की बटण नाही, सिरियल (लॉग बघायची तार) नाही, काहीच चालत नाही. सेक्रेटरी वीज काढून परत लावतात. मशीन सुरू व्हायला जवळपास मिनिटभर लागतं, आणि तोवर पहाटेच्या थंडीत किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी. काल भुदरगडातल्या एका वाडीवरून फोन आला. एक आजी रोज दीड लिटर दूध घालतात. मशीन अडकलं तेव्हा त्यांचं माप झालेलं होतं, पण नोंद झालेली नव्हती. दूध कॅनमध्ये ओतलेलं, त्यामुळे परत मापायचं तरी काय? मला रात्री झोप लागली नाही.

बॅकलाइटचा ड्रायव्हर जुना आहे, माझ्या आधी इथं असलेल्या माणसाचा. चिपमधल्या पीडब्ल्यूएम ब्लॉकच्या (दिवा झरझर चालू-बंद करून उजेड कमीजास्त करणाऱ्या भागाच्या) रजिस्टरमध्ये तो थेट लिहितो आणि त्या ब्लॉकचं क्लॉकसुद्धा (ज्याच्या ठोक्यांवर तो चालतो) स्वतःच चालू-बंद करतो. 'अपडेट_स्टेटस' फंक्शनात क्रम असा आहे: स्क्रीन ब्लँक (विझवलेली) नसेल तर आधी 'क्लॉक_प्रिपेअर_इनेबल', मग ब्राइटनेसचा आकडा ड्यूटीच्या (दिवा किती वाटा वेळ चालू ठेवायचा त्याच्या) रजिस्टरमध्ये लिहायचा, आणि ब्लँक असेल तर शेवटी 'क्लॉक_डिसेबल_अनप्रिपेअर'. एवढंच.

कारखान्यात टेबलावर आठवडाभर चालवलं, एकदाही अडकलं नाही. मोठ्या गावांतून तक्रार नाही. तक्रारी फक्त आजरा, भुदरगड, गगनबावड्याकडच्या लहान संस्थांच्या. कुठून सुरुवात करू?

(फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, कर्नलमध्ये काम करणाऱ्यांना कळतील.)

---

खासबाग_तालीम

भावा, आधी सप्लाय बघ. त्या डोंगरी भागात व्होल्टेज लई खालीवर हुतं. बॅकलाइट चालू होताना एलईडी ड्रायव्हर दणकून करंट ओढतो, रेल (चिपचा पुरवठा) खाली बसली की चिप गंडते. मी साखर कारखान्यातल्या पॅनेलवर हेच बघितलंय, तिथं इनपुटला मोठा कपॅसिटर टाकल्यावर थांबलं. लहान गावातच हुतंय म्हणतोस, म्हणजे लायनीचाच प्रश्न.

---

पंचगंगाकाठ

दादा, आम्हालाही आधी तसंच वाटलं. म्हणून आजऱ्याच्या दोन मशीनना वेगळी बॅटरी लावली, मेनशी संबंधच ठेवला नाही. तरी अडकली. रेलवर स्कोपही लावला होता, उजेड येताना ५ व्होल्टची रेल ४.८ च्या खाली गेली नाही.

---

रंकाळा_वेश

सप्लायनं चिप गंडली तर ती बहुतेक वेळा रीसेट होते, ब्राऊनआउटवर (व्होल्टेज फार खाली गेल्यावर) परत बूट होते. जागच्या जागी गोठून राहणं हे वेगळं लक्षण आहे. सिरियलवर काही न छापता अडकते म्हणजे प्रोसेसर बसवर (चिपमधले भाग जोडणाऱ्या वाटेवर) कशाची तरी वाट बघत बसलाय. मला तरी क्लॉक बंद असलेल्या ब्लॉकचं रजिस्टर कुणीतरी हात लावतंय असं वाटतं.

हार्डवेअरच्या बाजूनं सांगतो. पीडब्ल्यूएम ब्लॉकला साधारण दोन कामांसाठी क्लॉक लागतं. एक बसचं, ज्याच्यावर रजिस्टर वाचता-लिहिता येतात. दुसरं काउंटरचं, ज्याच्यावर पल्स मोजल्या जातात. कर्नलमधल्या आय.एमएक्स २७ च्या पीडब्ल्यूएम ड्रायव्हरात ही दोन सरळ वेगळ्या नावांनी दिसतात, 'आयपीजी' आणि 'पर'. काही चिपमध्ये दोन्ही एकाच गेटमागे (क्लॉक अडवणाऱ्या स्विचमागे) असतात. ते गेट बंद असताना त्या पत्त्यावर लिहायला गेलात तर समोरून उत्तरच येत नाही. काही एआरएम चिपवर एक्स्टर्नल अबॉर्ट येतो आणि निदान कर्नल ओरडतो. काहींवर बस तशीच लटकते, मग काहीच छापलं जात नाही. तुमचं दुसऱ्या जातीचं दिसतंय.

---

कळंबा_तळं

रंकाळा_वेश यांच्याशी सहमत. मी पुण्यात कर्नलच्याच कामावर आहे, माहेर कोल्हापूर. पंचगंगाकाठ, मला तीन गोष्टी सांग.

मशीन अडकण्याची नेमकी वेळ काय? "पहाटे" नको, घड्याळातली वेळ हवी.

स्क्रीन ब्लँक असताना कुणी ब्राइटनेस बदलतं का? अ‍ॅप्लिकेशन, स्क्रिप्ट, लाइट सेन्सर, काहीही.

आणि अडकण्याच्या आधी लॉगमध्ये 'ऑलरेडी डिसेबल्ड' किंवा 'ऑलरेडी अनप्रिपेअर्ड' असा इशारा कधी दिसलाय का? असेल तर अडकलेल्या दिवसाचाच असेल असं नाही, मागचे लॉगही चाळ.

---

पंचगंगाकाठ

ताई, तुमच्या पहिल्याच प्रश्नानं अंगावर काटा आला.

सगळ्या तक्रारींच्या वेळा एका कागदावर लिहिल्या. सकाळच्या सगळ्या सहाच्या एक-दोन मिनिटं इकडेतिकडे. संध्याकाळच्या सातच्या आसपास. आमचं अ‍ॅप्लिकेशन सकाळी ६ वाजता ब्राइटनेस रात्रीच्या पातळीवरून दिवसाच्या पातळीवर नेतं आणि संध्याकाळी ७ वाजता परत खाली आणतं. ते सिसएफएसमध्ये (ड्रायव्हरशी बोलायच्या कर्नलच्या फाइलींत) आकडा लिहून मोकळं होतं. स्क्रीन ब्लँक आहे की नाही हे बघतच नाही.

मोठ्या गावात सहाला रांग लागलेली असते, स्क्रीन जळतीच असते. लहान वाडीत पहिला माणूस पावणेसहाला येऊन जातो, दुसरा सव्वासहाला. मधे स्क्रीन बंद. सहा वाजता आकडा लिहिला जातो आणि मशीन गोठतं. सेक्रेटरींना ते पुढचा माणूस आल्यावर कळतं, म्हणून फोनवर "सव्वासहाला अडकलं" असं सांगायचे. टेबलावर आम्ही स्क्रीन कायम चालू ठेवून चाचणी घेतली होती.

भुदरगडच्या त्या दिवशी मात्र आजींचं माप झाल्याबरोबर, नोंद व्हायच्या आधीच अडकलं. हात ओले म्हणून सेक्रेटरी काट्यावरच काम करत होते, बटणाला हात लावला नव्हता, त्यामुळे स्क्रीन ब्लँकच होती.

आणि हो, जुन्या लॉगमध्ये 'ऑलरेडी डिसेबल्ड' आहे. दोन मशीनवर. आम्ही ते इशारे म्हणून सोडून दिले होते.

---

खासबाग_तालीम

म्हणजे लायनीचा काय संबंधच न्हाई. मी चुकीच्या वाटेला लावलं, माफ कर. पण भावा, हे घड्याळ आणि रांगेचं गणित ज्या रीतीनं जुळलं ते बघून खरंच बरं वाटलं.

---

कळंबा_तळं

आता सविस्तर लिहिते, कारण हीच चूक मी किमान चार वेगवेगळ्या ड्रायव्हरांत बघितली आहे.

कर्नलचा बॅकलाइट गाभा ब्राइटनेसचा आकडा आला की 'अपडेट_स्टेटस' बोलावतो. स्क्रीन ब्लँक आहे का हे तो ड्रायव्हरच्या वतीनं तपासत नाही. म्हणजे ब्लँक असताना ब्राइटनेस बदलला तरी तुमचं फंक्शन चालणारच, आणि तसंच ठरलेलं आहे. ड्रायव्हरनं 'बॅकलाइट_गेट_ब्राइटनेस' वापरावं ही अपेक्षा असते. ते स्क्रीन ब्लँक असेल तर शून्य देतं. तुमच्या ड्रायव्हरात स्क्रीन ब्लँक असली तरी ड्यूटी लिहिली जाते, क्लॉक चालू आहे का ते न बघता. ब्लँक असताना क्लॉक आधीच बंद आहे. तिथंच बस लटकते.

'ऑलरेडी डिसेबल्ड' कुठून येतं? क्लॉक फ्रेमवर्क प्रत्येक क्लॉकसाठी दोन मोजण्या ठेवतं, एक प्रिपेअरची, एक इनेबलची. तुम्ही चालू केलं की मोजणी एकानं वाढते, बंद केलं की कमी होते, आणि शून्यावर आल्यावर हार्डवेअरमधलं गेट खरोखर बंद होतं. ब्लँक असताना दोनदा 'अपडेट_स्टेटस' झालं तर दोनदा बंद, आणि दुसऱ्या वेळी मोजणी आधीच शून्य. फ्रेमवर्क इशारा छापून परत जातं. ज्या मशीनवर लिहिलेलं रजिस्टर योगायोगानं पचलं, तिथं हा इशारा उरला. बाकीची त्याआधीच गोठली.

उलट बाजूनंही तेच होतं. स्क्रीन चालू असताना दिवसभरात पाच वेळा ब्राइटनेस बदलला की मोजणी पाचनं वाढते. मग ब्लँक केल्यावर एकच कमी होते. क्लॉक बंदच होत नाही, बॅटरी उतरत राहते. तुमच्याकडे "काही मशीनची बॅटरी लवकर संपते" अशी वेगळी तक्रार असेल तर ती याच ड्रायव्हरची दुसरी बाजू असू शकते.

प्रिपेअर आणि इनेबल वेगळे का, हेही सांगते, नवीन मुलं वाचत असतील. कॉमन क्लॉक फ्रेमवर्क २०१२ साली लिनक्स ३.४ मध्ये आलं. त्यात प्रिपेअर म्हणजे झोपू शकणारी तयारी: पीएलएल (क्लॉकचा वेग तयार करणारं सर्किट) स्थिर व्हायची वाट, किंवा आयटूसीवरच्या (दोन तारांच्या संथ बसवरच्या) क्लॉक चिपशी बोलणं. त्याला म्यूटेक्सचं (झोपून वाट बघू देणारं) कुलूप असतं. इनेबल म्हणजे लगेच होणारं काम, गेटचा एक बिट, त्याला स्पिनलॉक (न झोपता वाट बघणारं कुलूप). म्हणून इंटरप्टमध्ये इनेबल करता येतं, प्रिपेअर नाही. बॅकलाइटचं 'अपडेट_स्टेटस' म्यूटेक्स धरून, झोपता येईल अशाच जागी चालतं, त्यामुळे तुम्हाला दोन्ही एकत्र करणारं फंक्शन वापरायला हरकत नाही. पण तेच काम कुणी टायमरच्या कॉलबॅकमध्ये नेलं तर कर्नल ओरडेल, आणि बरोबरच ओरडेल.

आता तुझा पॅच कसा असावा. ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्ये एक बूलियन ठेव, 'क्लॉक_चालू', हाच आपला झेंडा. चालू करायची वेळ: झेंडा खाली असेल तरच क्लॉक चालू कर, परतलेली किंमत तपास, चूक आली तर तिथूनच परत फिर, झेंडा वर कर, आणि मगच रजिस्टरला हात लाव. बंद करायची वेळ: झेंडा वर असेल तरच ड्यूटी शून्य कर, ब्लॉक थांबव, क्लॉक बंद कर, झेंडा खाली. झेंडा आधीच खाली असेल तर काहीही न करता परत. सहा वाजता आलेला आकडा बॅकलाइट गाभ्याकडे जपलेलाच असतो, अनब्लँक झाल्यावर तोच मिळेल.

एक शंका: तुमच्या मशीनला बझर आहे का?

---

पंचगंगाकाठ

आहे. कोड चुकला की वाजतो. त्याच पीडब्ल्यूएम ब्लॉकच्या दुसऱ्या चॅनेलवर आहे. का?

---

कळंबा_तळं

कारण ती मोजणी क्लॉकची आहे, घेणाऱ्याची नाही. स्क्रीन ब्लँक असेल तर बझर वाजताना क्लॉकची इनेबल मोजणी एक असते. तेवढ्यात तुझ्या बॅकलाइटनं एक जादा डिसेबल केलं तर मोजणी शून्य होते, आणि बझर ज्याच्यावर चाललाय ते क्लॉकच जातं. इशारा छापला जातो तो नंतर बझरवाला आपलं डिसेबल करायला येतो तेव्हा, म्हणजे निर्दोष ड्रायव्हरच्या नावावर. मी एकदा तीन दिवस अशा चुकीच्या ड्रायव्हरमध्ये दोष शोधत बसले होते. क्लॉक सामाईक असेल तर जोडी जुळवणं हे शेजाऱ्याच्या भल्यासाठीही करायचं असतं.

डीबगएफएसमध्ये (तपासणीसाठीच्या कर्नलच्या फाइलींत) 'क्लॉक_समरी' नावाची फाइल आहे. प्रत्येक क्लॉकपुढे इनेबल मोजणी, प्रिपेअर मोजणी आणि वेग दिसतो. ब्लँक करून बघ, ब्राइटनेस पाच वेळा बदलून बघ, बझर वाजताना बघ. बराच उलगडा तिथंच होईल.

---

राजारामपुरी_९वी_गल्ली

मी अंतिम वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. सरांनी ड्रायव्हरचा प्रकल्प दिलाय म्हणून वाचतोय. ताई, 'डेव्हएम' वाली फंक्शनं वापरली तर हे सगळं आपोआप जुळत नाही का? 'डेव्हएम_क्लॉक_गेट_इनेबल्ड' असं एक बघितलं.

---

कळंबा_तळं

चांगला प्रश्न. ते फंक्शन क्लॉक मिळवतं, चालू करतं, आणि डिव्हाइस निघून जाताना बंद करतं. ज्या ड्रायव्हरचं क्लॉक कायम चालूच ठेवायचं आहे त्याला ते छान. इथं मधेमधे बंद करायचं आहे, म्हणून इथं साधं 'डेव्हएम_क्लॉक_गेट' घेऊन चालू-बंद आपल्या हातात ठेवायचं.

आणि यात एक सापळा आहे, तो नीट समजून घे. 'डेव्हएम'नं घेतलेल्या गोष्टी ड्रायव्हरचं 'रिमूव्ह' फंक्शन संपल्यानंतर सुटतात, घेतल्याच्या उलट क्रमानं. आता समज बॅकलाइटची नोंदणी 'डेव्हएम'नं केलीस आणि क्लॉक मात्र 'रिमूव्ह'मध्ये हातानं बंद केलंस. 'रिमूव्ह' संपलं, क्लॉक गेलं, पण बॅकलाइटची सिसएफएस फाइल अजून जागेवर आहे. त्या फटीत कुणी आकडा लिहिला की बंद क्लॉकच्या रजिस्टरवर लेखन. पंचगंगाकाठचाच प्रकार, फक्त वर्षातून एकदा होणारा, म्हणजे सापडायला जास्त कठीण.

एक तर सगळं 'डेव्हएम'नं कर, क्लॉक बंद करण्याचं कामसुद्धा 'डेव्हएम_अ‍ॅड_अ‍ॅक्शन_ऑर_रीसेट'नं टाक, आणि ते बॅकलाइट नोंदवण्याच्या आधी टाक. नाहीतर सगळं हातानं कर. अर्धं-अर्धं करू नकोस. अंगण झाडून झाल्यावर मांडव सोडायला घेतला की कचरा परत पडणारच.

आणखी एक. 'प्रोब'मध्ये (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडला जाताना चालणाऱ्या फंक्शनात) क्लॉक मागितल्यावर 'प्रोब_डेफर' ही चूक येऊ शकते, क्रमांक उणे ५१७. क्लॉक देणारा ड्रायव्हर अजून उठलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. ती जशीच्या तशी परत दे, कर्नल नंतर पुन्हा बोलावतो. काही जण ती गिळून "क्लॉक नाही, चालेल" म्हणत पुढं जातात. क्लॉक खरंच ऐच्छिक असेल तर त्यासाठी 'क्लॉक_गेट_ऑप्शनल' आहे. ते क्लॉक नसेल तर नल देतं, आणि नल क्लॉकवर चालू-बंद केलं तरी फ्रेमवर्क निमूट यश सांगतं.

---

राजारामपुरी_९वी_गल्ली

मांडवाचं उदाहरण वहीत लिहून घेतलं. धन्यवाद ताई.

---

रंकाळा_वेश

पॅचमध्ये एक गोष्ट राहील म्हणून लिहितो. बऱ्याच पीडब्ल्यूएम ब्लॉकमध्ये ड्यूटीचं रजिस्टर दुहेरी असतं. लिहिलेला आकडा लगेच लागू होत नाही, चालू पिरियड संपल्यावर होतो. तुमची फ्रिक्वेन्सी किती आहे? २०० हर्ट्झ असेल तर पिरियड ५ मिलिसेकंद. ड्यूटी शून्य लिहून लगेच क्लॉक कापलं तर काउंटर जागच्या जागी थांबतो, आणि पिन त्या क्षणी वर असेल तर वरच राहते. मग "बंद" स्क्रीन पूर्ण उजेडानं जळत राहते. एक पिरियड थांबा, मग क्लॉक काढा. एलईडी ड्रायव्हरची इनेबल पिन वेगळी असेल तर आधी ती खाली करा.

याच कारणासाठी कर्नलच्या स्वतःच्या 'पीडब्ल्यूएम_बीएल' ड्रायव्हरनं अलीकडे आपली वागणूक बदलली. पीडब्ल्यूएम डिसेबल केल्यावर पिन खालीच राहील याची खात्री नसते, ते हार्डवेअरवर अवलंबून. म्हणून रेग्युलेटर किंवा इनेबल पिन यांपैकी काहीच नसेल तर तो पीडब्ल्यूएम बंद करत नाही, ड्यूटी शून्य ठेवून चालू ठेवतो. तुमच्या बोर्डवर इनेबल पिन आहे का ते बघा. नसेल तर क्लॉक बंद करण्याचा हट्ट सोडावा लागेल.

---

पंचगंगाकाठ

इनेबल पिन आहे, जीपीआयओवर (सॉफ्टवेअरनं वर-खाली करायच्या पिनवर). पण ड्रायव्हर ती प्रोबमध्ये एकदा वर करतो आणि विसरतो! फ्रिक्वेन्सी २०० हर्ट्झच. "बंद स्क्रीन जळत राहते" ही तक्रार शिरोळकडून एकदा आली होती, आम्ही पॅनेल बदलून दिलं होतं. चांगलं पॅनेल काढून आणलं म्हणायचं.

फ्रिक्वेन्सीवरून आठवलं. सेक्रेटरी लोक स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, त्यात काळे पट्टे येतात, आकडे वाचता येत नाहीत. तेही यातलंच का?

---

रंकाळा_वेश

हो. फोनचा कॅमेरा चित्र ओळीओळीनं टिपतो. २०० हर्ट्झला उजेड ५ मिलिसेकंदात एकदा चालू-बंद होतो, त्यामुळे काही ओळी अंधारात टिपल्या जातात. फ्रिक्वेन्सी वाढवा. पण क्लॉकचं गणित बघूनच वाढवा. काउंटरला किती मेगाहर्ट्झ येतात आणि काउंटर किती बिटांचा?

---

पंचगंगाकाठ

६६ मेगाहर्ट्झ, १६ बिट. प्रीस्केलर (क्लॉकला भागणारा आकडा) ६.

---

रंकाळा_वेश

म्हणजे ११ मेगाहर्ट्झ, २०० हर्ट्झला ५५,००० मोजण्या. १६ बिटांत ६५,५३६ पर्यंत मावतात, म्हणून ६ निवडला असणार. १,००० हर्ट्झ करायचं तर प्रीस्केलर २ घ्या: ३३ मेगाहर्ट्झ, ३३,००० मोजण्या. पायऱ्या भरपूर. २० किलोहर्ट्झला प्रीस्केलर १ वर ३,३०० मोजण्या मिळतात, त्याही पुरेशा. पण तिथं १ टक्का ड्यूटी म्हणजे अर्धा मायक्रोसेकंद. बरेच एलईडी ड्रायव्हर इतकी बारीक पल्स पकडत नाहीत, कमी उजेडाला स्क्रीन काळीच पडते. तुमच्या एलईडी ड्रायव्हरच्या डेटाशीटमध्ये पीडब्ल्यूएमची मर्यादा दिलेली असेल, तिच्या आत राहा. मी असतो तर १,००० नं सुरुवात केली असती.

एक चूक करू नका. वीज वाचते म्हणून काही जण काउंटरला ३२,७६८ हर्ट्झचं झोपेतलं क्लॉक जोडतात. २०० हर्ट्झला त्यात जेमतेम १६३ पायऱ्या मिळतात. डोळ्याला उजेड सरळ रेषेत दिसत नाही. डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाच्या सीआयई सूत्रानं (कर्नलमध्ये त्याला सीआयई १९३१ म्हणतात) ५ टक्के दिसणाऱ्या उजेडाला ड्यूटी फक्त ०.५५ टक्के लागते. १६३ मध्ये ती एका पायरीपेक्षाही कमी, म्हणजे अंधार. ३३,००० मध्ये तीच १८० च्या वर पायऱ्या होते. तेच सूत्र वरच्या बाजूला तुमच्या फायद्याचं आहे: निम्मा दिसणारा उजेड हवा तर ड्यूटी साधारण १८ टक्के पुरते. रात्रीची पातळी त्या हिशोबानं ठेवलीत तर बॅटरीला मोठा आधार मिळेल.

आणि काउंटरचं क्लॉक ज्या पालक क्लॉकवरून येतं त्याचा वेग दुसरं कुणी बदलतं का, तेही बघा. बदलत असेल तर तुमची फ्रिक्वेन्सी न सांगता बदलेल. 'क्लॉक_गेट_रेट' क्लॉक चालू केल्यावरच विचारा, बंद क्लॉकच्या वेगावर विसंबू नका.

---

पंचगंगाकाठ

पॅच टाकला. टेबलावर सहाचा प्रसंग मुद्दाम घडवला: ब्लँक करायचं, ब्राइटनेस लिहायचा, अनब्लँक करायचं, असं स्क्रिप्टनं रात्रभर. जुन्या ड्रायव्हरवर पहिल्याच फेरीत गोठलं. नव्यावर सकाळपर्यंत चाललं. 'क्लॉक_समरी'त ब्लँक असताना शून्य, चालू असताना एक, बझरसकट दोन. १,००० हर्ट्झवर माझ्या फोनच्या फोटोत पट्टे दिसत नाहीत.

पण नवीनच काहीतरी निघालं. नव्या कर्नलवर बूट होताना बूटलोडरचा लोगो दिसतो, मग दोन-तीन सेकंद मिट्ट काळोख, मग अ‍ॅप्लिकेशन येतं. सेक्रेटरींना वाटेल मशीन मेलं, ते परत वीज काढतील.

---

कळंबा_तळं

तुझा ड्रायव्हर मॉड्यूल (कर्नलनंतर वेगळा लोड होणारा) आहे ना? बूटलोडरनं क्लॉक चालू करून दिलेलं असतं, पण कर्नलच्या वहीत त्याची मोजणी शून्य. बूटच्या शेवटच्या टप्प्यात फ्रेमवर्क अशी कुणीच न मागितलेली क्लॉक बंद करतं. तुझा मॉड्यूल त्यानंतर येतो. खात्री करायची तर कर्नलच्या कमांड लाइनवर 'क्लॉक_इग्नोर_अनयूज्ड' टाकून बघ, काळोख गेला तर हेच कारण. पण तो पर्याय गिऱ्हाइकाच्या मशीनवर ठेवू नकोस. तो सगळ्याच क्लॉकना मोकळं सोडतो, बॅटरी खातो, आणि दुसऱ्या ड्रायव्हरांतल्या अशाच चुका झाकून ठेवतो.

खरा उपाय: ड्रायव्हर कर्नलमध्येच बांध. आणि प्रोबमध्ये ब्लॉक आधीच चालू आहे का ते वाच (क्लॉक चालू करून मगच वाच!). चालू असेल तर ते क्लॉक तसंच धरून ठेव, झेंडा वर कर, बंद करून परत चालू करू नकोस. दिवा विझू न देता हातातून हातात घ्यायचा.

आता मोठ्या दुरुस्तीबद्दल माझं स्पष्ट मत. हा झेंड्याचा पॅच बाहेर असलेल्या मशीनसाठी ठीक आहे. पुढच्या बोर्डसाठी बॅकलाइट ड्रायव्हरनं पीडब्ल्यूएमची रजिस्टर लिहूच नयेत. चिपचा वेगळा पीडब्ल्यूएम ड्रायव्हर, आणि त्याच्यावर कर्नलचा तयार 'पीडब्ल्यूएम-बॅकलाइट'. क्लॉकची मालकी एकाच ठिकाणी, पीडब्ल्यूएम ड्रायव्हरकडे. बझर आणि बॅकलाइट दोघंही त्याच्याकडे मागतील. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डचं वर्णन असलेल्या फाइलीत) इनेबल पिन, रेग्युलेटर, पीडब्ल्यूएम सुरू झाल्यानंतरचा आणि बंद होण्याआधीचा थांबा, हे सगळं लिहायची सोय आहे. उजेडाच्या पायऱ्यांचं कोष्टक नाही दिलं तर तो त्याच सीआयई सूत्रावरून स्वतः बनवतो. एवढं सगळं फुकट मिळत असताना आपण स्वतःचं लिहायचं, आणि भुदरगडच्या आजींनी त्याची किंमत द्यायची, हे मला पटत नाही.

---

खासबाग_तालीम

ताई, शेवटचं वाक्य काळजाला लागलं. माझी आईपण संस्थेत दूध घालते.

---

पंचगंगाकाठ

उशिरा लिहितोय, तीन दिवस फिरतीवर होतो. आजऱ्याची दोन आणि भुदरगडचं एक मशीन स्वतः जाऊन अपडेट केलं. भुदरगडला मुक्काम केला. सकाळी साडेपाचला संस्थेत जाऊन बसलो. पावणेसहाला एक माणूस आला, गेला. स्क्रीन विझली. सहा वाजले, मी सिरियलवर नजर ठेवून होतो. 'क्लॉक_समरी'त शून्य होतं ते शून्यच राहिलं. सहा वाजून अकरा मिनिटांनी आजी आल्या, सेक्रेटरींनी बटण दाबलं, स्क्रीन दिवसाच्या उजेडात आली. दीड लिटर, फॅट ६.८, म्हशीचं. त्यांच्या बुडालेल्या नोंदीचं मी सेक्रेटरींशी आधीच बोललो होतो. आदल्या दिवसाच्या फॅटवरून त्यांनी ती रजिस्टरात हातानं घातली होती, आणि पैसे बिलात आले आहेत.

लोगो ते अ‍ॅप्लिकेशन यातला काळोख गेला, पण मधे एकदा उजेड क्षणभर लवतो. बहुतेक प्रीस्केलर बदलताना. बूटलोडरमध्ये अजून २०० हर्ट्झच आहे, तिथंही १,००० करून बघतो. बॅटरीची तक्रार असलेली दोन मशीन कागलहून मागवली आहेत, त्यांची मोजणी बघून इथंच लिहीन.

---

रंकाळा_वेश

कागलची मशीन आली की अपडेट करण्याआधी जुन्या ड्रायव्हरवरच दिवसभर चालवा आणि संध्याकाळची इनेबल मोजणी टिपून घ्या. मग ब्लँक असताना बॅटरीवरचा करंट मोजा, आधीचा आणि नंतरचा. ते दोन आकडे मला हवे आहेत.